वऱ्हाडातील जमीन मोजणीची एकके

वऱ्हाडातील जमीन मोजणीची एकके म्हणजे महाराष्ट्राच्या अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांत शेतजमिनीचे आणि भूखंडांचे क्षेत्रफळ सांगण्यासाठी वापरली जाणारी परिमाणे होत. या भागात दोन पद्धती एकाच वेळी प्रचलित आहेत. महसुली अभिलेख, शासकीय योजना व कृषी शिफारशी हेक्टर, आर आणि चौरस मीटर या दशमान एककांत असतात. शेतकऱ्यांची बोली, जमिनीचे सौदे, मक्त्याचे दर आणि मजुरीचे हिशेब मात्र एकर व गुंठा या एककांत चालतात. शहरांतील भूखंडांसाठी चौरस फूट हे तिसरे एकक वापरात आहे.

दोन्ही पद्धतींतील आकडे बिंदू देऊन सारख्याच रीतीने लिहिले जातात, परंतु त्यांची घडण वेगळी आहे. एकराचे ४० गुंठे होतात, तर हेक्टरचे १०० आर होतात. त्यामुळे सातबाऱ्यावरील आकडा वाचताना होणाऱ्या चुकांचे मूळ बहुधा गुणाकारात नसून या बिंदूच्या अर्थात असते.

## एकके व त्यांचे परस्परसंबंध

| एकक | व्याख्या | चौरस फूट | चौरस मीटर |
|---|---|---|---|
| आणा (क्षेत्राचा) | गुंठ्याचा सोळावा भाग | ६८.०६ | ६.३२ |
| आर | १० मीटर × १० मीटर | १,०७६.३९ | १०० |
| गुंठा | ३३ फूट × ३३ फूट | १,०८९ | १०१.१७ |
| एकर | ४० गुंठे | ४३,५६० | ४,०४६.८६ |
| हेक्टर | १०० आर | १,०७,६३९ | १०,००० |

एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर किंवा ९८.८४ गुंठे. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, अर्थात ४० आर ४७ चौरस मीटर. एक चौरस किलोमीटरमध्ये १०० हेक्टर, म्हणजे सुमारे २४७ एकर जमीन मावते. अमरावती जिल्ह्याचे क्षेत्रफळ १२,२१० चौरस किलोमीटर आहे. ते १२ लाख २१ हजार हेक्टर किंवा सुमारे ३० लाख १७ हजार एकर होते.

गुंठा आणि आर ही एकके आकाराने जवळजवळ सारखी आहेत. गुंठ्याची बाजू ३३ फूट, तर आराची बाजू सुमारे ३२.८ फूट असते. दोहोंत जेमतेम सव्वादोन इंचांचा फरक आहे. क्षेत्रफळात हा फरक १.१७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वा टक्का भरतो.

## इतिहास

### बिघा आणि चाहूर

ब्रिटिश मोजणीपूर्वी मराठी मुलखात जमीन बिघ्यात मोजली जाई. पाच हात पाच मुठी लांबीची काठी हे या मोजणीचे मूळ माप होते. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर असे कोष्टक होते. हात आणि मूठ ही शरीराची मापे असल्याने काठीची लांबी, आणि तिच्याबरोबर बिघ्याचा आकार, प्रदेशागणिक बदलत असे. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील बिघ्याचे एकरात रूपांतर करताना तो कोणत्या प्रदेशाचा व काळाचा आहे हे पाहावे लागते. भारताच्या इतर भागांत बिघा आजही प्रचलित आहे. मात्र त्याचे माप राज्याराज्यांत, काही ठिकाणी जिल्ह्याजिल्ह्यांतही, वेगळे आहे.

### साखळी, एकर व गुंठा

एकर हे मूळचे इंग्लंडमधील एकक आहे. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ६६ फूट लांबीची, १०० कड्यांची मोजणी साखळी प्रचारात आणली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्याच्या मोजणीत मात्र याच्या निम्म्या लांबीची, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरली गेली आणि तिचे सोळा आणे पाडले गेले. रुपयाचे सोळा आणे सर्वांच्या परिचयाचे असल्याने ही विभागणी गावपातळीवर सहज समजत असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा तुकडा म्हणजे एक गुंठा. दहा साखळ्या लांब आणि चार साखळ्या रुंद शेत भरले की ४० गुंठे, म्हणजेच एक एकर होई. क्षेत्रफळ काढण्यासाठी साखळ्यांचा गुणाकार पुरेसा असे. भूमी अभिलेख खात्यातील ‘गुणाकार बुक’ या जुन्या अभिलेखाचे नावही याच कामावरून पडले आहे.

गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचे नियम स्थिर केले. प्रत्येक शेताला स्वतंत्र सर्व्हे नंबर, हद्दीच्या खुणा, जमिनीची प्रतवारी आणि त्यावरून ठरणारा सारा ही तिची मुख्य अंगे होती.

वऱ्हाड १८५३ च्या तहान्वये हैदराबादच्या निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाखाली आले. १८६० च्या दशकात तेथे मुंबई पद्धतीची मोजणी व जमाबंदी लागू करण्यात आली. म्हणूनच वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, तरी त्याची जमीन मोजणी मुंबई इलाख्याशी मिळतीजुळती राहिली. शेजारच्या नागपूर भागात मालगुजारी पद्धत होती आणि तेथे खसरा क्रमांक व एकराचा शंभरावा भाग असलेले ‘डिसमिल’ हे एकक प्रचलित होते. एक डिसमिल म्हणजे ४३५.६ चौरस फूट, अर्थात ०.४ गुंठा. त्यामुळे ‘३.१०’ हा आकडा मालगुजारी भागातील जुन्या कागदावर असेल, तर तो ३ एकर १० डिसमिल, म्हणजे ३ एकर ४ गुंठे दर्शवितो. वऱ्हाडातील जुन्या कागदावर तोच आकडा ३ एकर १० गुंठे असा वाचावा लागतो.

### दशमान पद्धतीचा स्वीकार

मीटरवर आधारलेली आर आणि हेक्टर ही एकके फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाली. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि १९५६ च्या वजने व मापे प्रमाण अधिनियमानुसार मीटर, किलोग्रॅम व लिटर टप्प्याटप्प्याने व्यवहारात आले. याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आल्यावर राज्याच्या सर्व विभागांसाठी एकच महसुली कायदा लागू झाला. पुढे जुन्या अभिलेखांतील एकर-गुंठ्यांचे आकडे हेक्टर-आरमध्ये रूपांतरित करण्यात आले.

किलो आणि लिटर यांनी शेर व पायली यांची जागा बाजारात बरीचशी घेतली. हेक्टरला मात्र एकराची जागा घेता आली नाही. धान्य रोज तोलून विकले जाते आणि नवे माप दुकानातच हाती येते. जमिनीचा व्यवहार पिढीत एखाद्या वेळी होतो, आणि ‘बापाचे सात एकर’ हा आकडा कुटुंबाच्या स्मरणात त्याच रूपात राहतो.

## सातबाऱ्यावरील लेखन

गाव नमुना सात व बारा (सातबारा उतारा) यात शेतीचे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर या क्रमाने लिहिलेले असते. ‘१.२१.००’ याचा अर्थ १ हेक्टर २१ आर ० चौरस मीटर, म्हणजेच १२,१०० चौरस मीटर. प्रत्येक घराला शंभराचे गुणोत्तर असल्याने ही संख्या सरळ १.२१ हेक्टर म्हणूनही वाचता येते. उताऱ्याच्या अलीकडील सुधारित नमुन्यात शेतीसाठी ‘हेक्टर-आर-चौरस मीटर’ आणि बिनशेतीसाठी ‘आर-चौरस मीटर’ असे एकक स्पष्ट छापलेले असते. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला आहे.

उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा वेगवेगळे दाखवून शेवटी एकूण क्षेत्र दिलेले असते. नाला, खडक, रस्ता अशा कारणांनी लागवडीखाली न येणारा भाग पोटखराब्यात मोडतो. त्यामुळे एकूण क्षेत्राचे एकरात अचूक रूपांतर केले, तरी ते प्रत्यक्ष वहितीच्या क्षेत्रापेक्षा अधिक असू शकते.

जुन्या उताऱ्यांत, खरेदीखतांत व वाटणीपत्रांत क्षेत्र ‘एकर-गुंठे’ किंवा ‘एकर-गुंठे-आणे’ असे लिहिलेले आढळते. तेथे पहिल्या घराचे गुणोत्तर चाळीस आणि दुसऱ्याचे सोळा असते.

## बोली व शेतीव्यवहार

वऱ्हाडी बोलीत शेताला ‘वावर’ आणि दोन वावरांमधील बांधाला ‘धुरा’ म्हणतात. वावराचा आकार एकरातच सांगितला जातो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही अपूर्णांकवाचके एकराला सहज जुळतात: पाव एकर म्हणजे १० गुंठे, पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे, दीड एकर म्हणजे १ एकर २० गुंठे. मक्त्याचा दर, नांगरटीचे व फवारणीचे भाडे आणि पिकाची ‘झडती’ म्हणजे उतारा, हे सर्व ‘एकरी’ बोलले जाते.

निविष्ठांची बांधणीही एकराला धरून झालेली दिसते. बीटी कापसाच्या बियाण्याचे ४५० ग्रॅमचे पाकीट एका एकरासाठी असे. सोयाबीनसाठी हेक्टरी ७५ किलो बियाण्याची शिफारस आहे; ती एकरी ३० किलो होते आणि दीर्घकाळ प्रचलित असलेली ३० किलोची पिशवी तिच्याशी जुळते. याउलट अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी परिमाणात असतात. अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शी या संत्रापट्ट्यात ६ मीटर × ६ मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी २७७ झाडे बसतात. एकरात हीच संख्या सुमारे ११२ होते.

मिश्र पिकांच्या शेतात ‘तास’, म्हणजे पेरणीची ओळ, हे मोजमाप वापरले जाते. आठ तास एका पिकाचे व दोन तास दुसऱ्याचे असतील आणि ओळींतील अंतर समान असेल, तर एक हेक्टर शेतात पहिल्या पिकाचे क्षेत्र ८० आर व दुसऱ्याचे २० आर धरले जाते. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला पिकाखालील क्षेत्र स्वतः भरावे लागत असल्याने हे रूपांतर आता थेट त्याच्याकडे आले आहे.

‘आणा’ हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी येतो. मोजणीत तो गुंठ्याचा सोळावा भाग असतो. हिस्सेवारीत मालकीचा सोळावा भाग असतो. आणि ‘आणेवारी’त तो पिकाच्या स्थितीचा निर्देश करतो. या शेवटच्या पद्धतीला आता ‘पैसेवारी’ म्हणतात आणि ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली जाते. ‘चार आणे’ असा उल्लेख असलेला जुना कागद वाचताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ठरवावे लागते.

## सामान्य गैरसमज

बिंदूनंतरचे गुंठे दशांश समजणे. ‘१.५ एकर’ आणि ‘१ एकर ५ गुंठे’ या वेगळ्या संख्या आहेत. पहिली ६० गुंठे, तर दुसरी ४५ गुंठे आहे. एकर-गुंठ्यांतील बिंदू केवळ दोन एकके वेगळी करणारे चिन्ह असते. ते दशांशचिन्ह समजून गणकयंत्रावर बेरीज किंवा भागाकार केल्यास उत्तर चुकते.

हेक्टर-आर हे एकर-गुंठे समजणे. सातबाऱ्यावरील ‘१.२०.००’ हे क्षेत्र १ एकर २० गुंठे असे वाचल्यास ते दीड एकर वाटते. प्रत्यक्षात ते २ एकर ३८.६ गुंठे, म्हणजे जवळजवळ तीन एकर, सुमारे दुप्पट असते. उलट बाजूने, जुन्या खरेदीखतातील १ एकर २० गुंठे हे नव्या उताऱ्यावर ०.६०.७० असे दिसते आणि वारसांना आपली जमीन कमी झाल्याची शंका येते.

आर आणि गुंठा एकच मानणे. छोट्या तुकड्यासाठी हा फरक नगण्य असतो. परंतु १० एकरांसाठी ४०० गुंठे हेच ४०० आर धरल्यास ४ आर ६९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेचार गुंठे जमीन हिशेबातून गळते.

एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. तोंडी अंदाजासाठी ही रीत उपयुक्त आहे, पण ती हेक्टरमागे सुमारे १.१६ गुंठे, म्हणजे १,२६० चौरस फूट अधिक दाखविते. खरेदीखत, वाटणी किंवा मोबदला यांसाठी ती वापरता येत नाही.

## व्यवहारातील परिणाम

### पात्रतेच्या मर्यादा

कृषी गणनेत एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्यास सीमांत, तर एक ते दोन हेक्टर जमीन असलेल्यास लहान शेतकरी म्हणतात. बोलीत या मर्यादा ‘अडीच एकर’ व ‘पाच एकर’ अशा सांगितल्या जातात. प्रत्यक्षात दोन हेक्टर म्हणजे ४ एकर ३७.७ गुंठे. पूर्ण पाच एकर जमीन २.०२.३४ हेक्टर भरते आणि दोन हेक्टरांची मर्यादा काटेकोर लावल्यास सुमारे सव्वादोन गुंठ्यांनी तिच्याबाहेर जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत आरंभी दोन हेक्टरांचीच मर्यादा होती. त्याच वर्षाच्या मध्यास ती काढून टाकण्यात आली.

शेतजमीन कमाल धारणा कायद्याच्या १९७५ पासूनच्या मर्यादाही मुळात एकरांच्या हिशेबाने ठरलेल्या आहेत. कोरडवाहू जमिनीची ५४ एकरांची मर्यादा हेक्टरमध्ये २१.८५ होते. अडीचने भागल्यास ती २१.६० येते, फरक सुमारे २५ आरांचा पडतो.

### नुकसानभरपाई व विमा

अतिवृष्टी किंवा दुष्काळात मिळणारी मदत हेक्टरी दराने जाहीर होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांत कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये असा दर दोन हेक्टरांच्या मर्यादेत दिलेला आहे. कोरडवाहू पिकाचा हा दर एकरी सुमारे ३,४४० रुपये होतो. बातमीतील ‘हेक्टरी’ हा शब्द सुटला, तर अपेक्षा अडीच पट वाढते आणि खात्यात आलेली रक्कम कापली गेल्याचा समज होतो. पीक विम्यातील विमा संरक्षित रक्कम आणि उंबरठा उत्पन्न यांचे आकडेही हेक्टरी असतात; हेक्टरी १० क्विंटल म्हणजे एकरी सुमारे ४ क्विंटल ५ किलो.

### वाटणी व खरेदी

३ एकर १० गुंठे जमीन दोन भावांत समान वाटायची असल्यास आधी सर्व क्षेत्राचे गुंठे करावे लागतात: १३० गुंठे, प्रत्येकी ६५ गुंठे, म्हणजे १ एकर २५ गुंठे. ‘३.१०’ ला दोनाने भागून येणारे ‘१.५५’ हे उत्तर एकर-गुंठ्यांत निरर्थक आहे, कारण एकरात ५५ गुंठे असू शकत नाहीत. हीच जमीन हेक्टरमध्ये १.३१.५२ असून तिचा निम्मा भाग ०.६५.७६ येतो; येथे साधा दशांश भागाकार चालतो.

जमिनीचा सौदा एकरी दराने ठरतो, तर खरेदीखतात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जाते. मुद्रांक शुल्कासाठी वापरल्या जाणाऱ्या बाजारमूल्य तक्त्यातही शेतजमिनीचा दर हेक्टरी असतो. खरेदीखतातील क्षेत्र, सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र यांत तफावत वाटल्यास प्रथम तिन्ही आकडे एकाच एककात आणून पाहिले जातात. त्यानंतरही तफावत राहिल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीसाठी अर्ज करता येतो. धुऱ्याच्या वादात कागदावरचे रूपांतर पुरेसे नसते. हद्द मोजणीनेच निश्चित होते.

### शहरी भूखंड

अमरावती व अकोला शहरांत भूखंडांचे भाव चौरस फुटांत सांगितले जातात, तर मिळकत पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ३० फूट × ५० फूट म्हणजे १,५०० चौरस फुटांचा भूखंड कागदावर १३९.३५ चौरस मीटर दिसतो.

## रूपांतराच्या रीती

चूक टाळण्यासाठी क्षेत्र आधी एकाच लहान एककात आणणे ही सर्वांत खात्रीची रीत आहे.

* एकर-गुंठ्यांवरून हेक्टर: एकरांना ४० ने गुणून त्यात गुंठे मिळवावे, एकूण गुंठ्यांना १०१.१७ ने गुणले की चौरस मीटर मिळतात. १०,००० ने भागल्यास हेक्टर येतात. उदाहरणार्थ, २ एकर ३० गुंठे = ११० गुंठे = ११,१२९ चौरस मीटर = १.११.२९ हेक्टर.
* हेक्टरवरून एकर-गुंठे: हेक्टरांना ९८.८४ ने गुणून गुंठे काढावे आणि ४० ने भागावे. भागाकार म्हणजे एकर, उरलेली बाकी म्हणजे गुंठे. उदाहरणार्थ, १.६२ हेक्टर = १६०.१ गुंठे = ४ एकर.
* एकर-गुंठ्यांची बेरीज: गुंठ्यांची बेरीज ४० किंवा अधिक झाल्यास प्रत्येक चाळिसांमागे एक एकर हातचा घ्यावा. २ एकर ३० गुंठे + १ एकर २५ गुंठे = ४ एकर १५ गुंठे.
* ओळखीचे आकडे: ०.४० हेक्टर सुमारे १ एकर, ०.८१ सुमारे २ एकर, १.२१ सुमारे ३ एकर, १.६२ सुमारे ४ एकर आणि २.०२ सुमारे ५ एकर. सातबाऱ्यावर हे आकडे वारंवार दिसण्याचे कारण हेच, की मूळ शेते पूर्ण एकरांत वाटलेली किंवा विकलेली होती.

## हेही पाहा

* सातबारा उतारा
* रयतवारी पद्धत
* महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६
* हेक्टर
* वऱ्हाड